महाविद्यालयाचा पॉडकास्ट वावरापर्यंत पोचवायचा असेल तर : कामाचा क्रम, टप्प्याटप्प्याने

विदर्भातल्या तालुक्याच्या गावी एखादं महाविद्यालय पॉडकास्ट सुरू करतं, तेव्हा क्रम बहुधा ठरलेला असतो. आधी माईक येतो, मग उद्घाटन होतं, मग मोठे पाहुणे बोलावले जातात. विषय काय, हे पाहुण्यांवर सोडलेलं असतं. त्यातून तयार होतं पाऊण तासाचं व्याख्यान. त्याची पहिली काही मिनिटं स्वागत, प्रास्ताविक आणि पाहुण्यांच्या पदव्या सांगण्यात जातात. पाणी, माती, जंगल, आरोग्य, मजुरी यांवर तज्ज्ञाकडे सांगण्यासारखं भरपूर असतं. पण ज्याच्यासाठी सांगायचं तो माणूस तोवर दुसरीकडे वळलेला असतो.

हा क्रम उलटा करा. सुरुवात प्रश्नापासून, माईक बराच नंतर. रासेयोचे (राष्ट्रीय सेवा योजनेचे) विद्यार्थी, कार्यक्रम अधिकारी, समाजशास्त्र किंवा कृषी शाखेचे प्राध्यापक, ज्यांना हे काम खरोखर करायचं आहे, त्यांच्यासाठी पुढचे टप्पे आहेत. टप्पे गाळू नका आणि त्यांची अदलाबदलही करू नका.

टप्पा १ : प्रश्न गावातून आणा

‘शाश्वत विकास आणि ग्रामीण समाज’ हा विषय नाही, ते परिसंवादाचं शीर्षक आहे. विषय म्हणजे कोणाला तरी या वर्षी खरोखर पडलेला प्रश्न. तो मिळवायला विद्यार्थ्यांना आठवडी बाजारात, बचत गटाच्या बैठकीत, एसटी स्टँडवर, दूध संकलनाच्या ठिकाणी पाठवा. ‘पर्यावरणाबद्दल तुम्हाला काय वाटतं?’ असं विचारलं की लोक शाळेतलं उत्तर देतात. त्याऐवजी विचारा : ‘काकाजी, यंदा कोणत्या गोष्टीचं टेन्शन आहे? कोणाला विचारलं? काय सांगितलं त्यांनी?’

उत्तर त्याच शब्दांत लिहून घ्या, जमलं तर मोबाईलवर टिपा. अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांतल्या खारपाणपट्ट्यात (जिथे जमिनीखालचं पाणी खारं आहे) असा प्रश्न येईल : ‘विहिरीचं पानी देलं का वावर पांढरं पडते, नाही देलं तं हरभरा वायते. मंग करावं काय?’ या एका वाक्यात भूजल, मातीचं रसायन, शेततळं आणि कर्ज, सगळं आलं. यवतमाळ-वर्ध्याकडे कोणी विचारेल की फरदड (मुख्य वेचणीनंतरही उभी ठेवलेली कपाशी) ठेवली तर दोन पैसे जास्त मिळतात, मग साहेब लोक ती मोडायला का सांगतात. भंडारा-गोंदियात मामा (माजी मालगुजारी) तलावातली मासळी कमी का झाली हा प्रश्न येईल. गडचिरोलीत सामूहिक वनहक्क मिळाल्यावर बांबू आणि तेंदू कसा विकायचा, हा.

प्रश्न निवडताना एकच कसोटी लावा. त्याचं उत्तर ऐकून एखादं घर, गट किंवा ग्रामसभा एखादा निर्णय वेगळा घेऊ शकते का? घेऊ शकत नसेल तर तो प्रश्न बाजूला ठेवा, कितीही मोठा वाटला तरी.

> तपासा : निवडलेला प्रश्न एका दमात वाचता येतो का? त्यात ‘सक्षमीकरण’, ‘संवर्धन’, ‘आव्हाने’ असले शब्द शिरले असतील तर तो तुम्ही घडवलेला आहे, गावातून आलेला नाही.

टप्पा २ : तारीख हंगामावरून ठरवा

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात. महाविद्यालयाचं वेळापत्रक सत्र आणि परीक्षांवर चालतं, गावाचं पेरणी आणि वेचणीवर. फवारणीतल्या सुरक्षिततेचा भाग जानेवारीत काढून उपयोग नाही. तो जुलै उजाडायच्या आत लोकांच्या मोबाईलमध्ये हवा. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते पावसाळ्याच्या उत्तरार्धात. फरदडीचा भाग नोव्हेंबरच्या सुरुवातीला यावा, कारण पऱ्हाटी (कपाशीची झाडं) उपटायची की ठेवायची हे त्यानंतर ठरतं. खारपाणाचा भाग रब्बीच्या पेरणीआधी. तलावातल्या गाळाचा फेब्रुवारीत, कारण गाळ काढायचं काम उन्हाळ्यात होतं आणि त्याचे ठराव त्याआधी व्हावे लागतात. तेंदूपत्त्याची तोडणी मे महिन्यात असते, म्हणून विक्रीची बोलणी समजावणारा भाग त्याच्या कितीतरी आधी हवा.

प्रसारणाची तारीख आधी लिहा आणि तिथून मागे मोजत या. नवख्या चमूला एका भागासाठी सहा आठवडे धरावेत. महिन्याला एक भाग नीट झाला तरी पुष्कळ आहे. दर आठवड्याची घोषणा करू नका.

टप्पा ३ : दोन माणसं शोधा

प्रत्येक भागात दोन आवाज हवेत : विषयाचा अभ्यास केलेला एक, आणि तो प्रश्न रोज जगणारा एक. नुसता तज्ज्ञ असला की व्याख्यान होतं. नुसता शेतकरी असला की गाऱ्हाणं होतं आणि उत्तर राहून जातं.

तज्ज्ञ शोधायला मुंबई-पुण्याकडे बघायची गरज नाही. नागपुरात केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, पर्यावरणावर संशोधन करणारी नीरी आहे. अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. जिल्ह्याजिल्ह्यात कृषी विज्ञान केंद्रं आहेत. गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ आहे आणि आरोग्यावर दीर्घकाळ संशोधन करणारी ‘सर्च’ आहे. संस्थाप्रमुखाला बोलवायचा मोह आवरा. त्या प्रश्नावर जो संशोधक स्वतः शेतात किंवा गावात जातो, तो हवा. त्याचं नाव संस्थेतल्या लोकांनाच विचारा.

आणि तज्ज्ञ म्हणजे पीएच.डी. असलेलाच माणूस, असं धरून चालू नका. मामा तलावात कोणता मासा कोणत्या गवतापाशी अंडी घालतो, हे मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजातल्या म्हाताऱ्या माणसांना ठाऊक असतं. त्यांना ‘लाभार्थी’ म्हणून दोन मिनिटं देऊ नका. तज्ज्ञाइतकाच वेळ द्या.

यासाठी चांगला नमुना विदर्भातच आहे. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. त्या गावात अभ्यास गटाची पद्धत आहे. बाहेरचा जाणकार येतो, गावासोबत बसतो, त्याला प्रश्न विचारले जातात, चर्चा होते. निर्णय मात्र ग्रामसभा नंतर, सर्वसहमतीने घेते. तुमच्या पॉडकास्टमध्ये तज्ज्ञाची जागा हीच असावी. तो माहिती देईल, ठरवायचं काम ऐकणाऱ्यांचं.

> सावधान : संस्थेचे पदाधिकारी, लोकप्रतिनिधी, देणगीदार यांना ‘एकदा तरी घ्यावंच लागेल’ असा आग्रह होतो. त्यांच्यासाठी वेगळा कार्यक्रम करा. या मालिकेत फक्त प्रश्नाशी संबंध असलेला माणूस, हा नियम पहिल्या भागाआधीच लेखी करून प्राचार्यांची सही घ्या. नंतर सांगणं फार अवघड जातं.

टप्पा ४ : पूर्वबोलणी

भाग चांगला होणार की नाही, ते इथे ठरतं. रेकॉर्डिंगच्या आठवडाभर आधी तज्ज्ञाशी फोनवर वीस मिनिटं बोला. त्यांना प्रश्नावली पाठवू नका. ती गेली की माणूस उत्तरं लिहून आणतो आणि वाचून दाखवतो. त्याऐवजी टप्पा १ मध्ये टिपलेला तो शेतकऱ्याचा आवाज ऐकवा आणि म्हणा, ‘सर, या काकाजींना उत्तर द्यायचं आहे. ते तुमच्या समोर बसले आहेत असं समजून बोला.’ बोलण्याची पट्टी तिथेच बदलते.

या फोनमध्ये चार गोष्टी करून घ्या.

पहिली, शब्द. तज्ज्ञ म्हणतील ‘विनिमययोग्य सोडियमचं प्रमाण’. तुम्ही विचारा, ‘वावरात उभं राहून हे कसं दिसतं?’ मग ते सांगतील की जमीन चोपण होते, पाऊस पडला की वरच्या वर चिकचिकाट होतो, पाणी खाली मुरत नाही, वाळली की भेगा पडतात. ही वाक्यं तुमच्या कार्डावर लिहून ठेवा. रेकॉर्डिंगच्या वेळी ते पुन्हा ‘विनिमययोग्य’वर गेले तर त्यांना हळूच इथे आणता येतं.

दुसरी, मापं. संशोधक हेक्टरमध्ये बोलतात, गाव एकरमध्ये. एक हेक्टर म्हणजे जवळपास अडीच एकर. हेक्टरी आकडा कोणी एकरी समजून घेतला तर खत किंवा औषध अडीच पट पडेल. सगळे आकडे आधीच एकरी करून घ्या, आणि ‘पीपीएम’सारख्या (दहा लाख भागांत किती, अशा) मापाला हातात धरता येईल असं रूप द्या : पंधरा लिटरच्या पंपात किती, अर्ध्या बादलीत किती.

तिसरी, परवडणं. ‘हे दोन एकरवाल्याला जमेल का? मजूर लावून? वीज रात्रीची असेल तर?’ हा प्रश्न फोनवर विचारला नाही तर रेकॉर्डिंगमध्ये तज्ज्ञ गडबडतात आणि ‘शासनाच्या योजना आहेत’ म्हणून सुटका करून घेतात. फरदडीचंच बघा. गुलाबी बोंडअळी शेवटच्या बोंडांत आणि रचून ठेवलेल्या पऱ्हाटीत दडून राहते आणि पुढच्या हंगामाच्या कपाशीवर येते, म्हणून हंगाम वेळेत संपवा, असा सल्ला आहे. सल्ला बरोबर आहे. पण पऱ्हाटी हे अनेक घरांचं सरपण आहे आणि फरदडीचे पैसे लग्नसराईत कामी येतात. या अडचणीवर तज्ज्ञाने बोललंच पाहिजे. नाही तर ऐकणारा मनात म्हणतो, ‘याले काय समजते’, आणि पुढचं ऐकत नाही.

चौथी, मतभेद. ‘तुमच्याच क्षेत्रातले कोण याच्याशी सहमत नाहीत, आणि का?’ प्रामाणिक अभ्यासकाला हा प्रश्न आवडतो. रासायनिक शेती की नैसर्गिक, मोठं धरण की लहान तळी, अशा विषयांत तर तो टाळताच येत नाही.

> तपासा : फोननंतर मुलाखतकाराकडे एक पोस्टकार्डाएवढं कार्ड असावं. वर मूळ प्रश्न, खाली पाच मुद्दे, मागे आकडे. त्याहून जास्त लिहिलं असेल तर कमी करा.

टप्पा ५ : संमती आणि मर्यादा

रेकॉर्डिंग चालू करून, त्या माणसाच्या भाषेत, त्याच्याच तोंडून संमती घ्या : नाव लावायचं का, गावाचं नाव चालेल का, हे व्हॉट्सॲपवर फिरेल हे माहीत आहे का. सावकार, कृषी केंद्र किंवा कंत्राटदार यांच्याबद्दल कोणी बोलला असेल तर प्रसारणाआधी त्याला पुन्हा विचारा. बोलण्याच्या भरात माणूस सांगून जातो, आणि राहायचं त्याला त्याच गावात असतं.

शेतकरी आत्महत्येवर बोलणार असाल तर पद्धत, जागा, चिठ्ठी यांतलं काहीही सांगू नका, एकच कारण चिकटवू नका, आणि भागाच्या शेवटी ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक दोनदा सावकाश सांगा. घरच्या बाईशी बोलायचं तर तिच्या वेळेने, आणि तिने नको म्हटलं तर विषय तिथेच थांबवा.

वाघाचा वावर नेमका कुठे आहे, दुर्मीळ औषधी वनस्पती कोणत्या टेकडीवर आहे, असली माहिती कापायची. वैदूकडचं ज्ञान त्याच्या आणि ग्रामसभेच्या परवानगीशिवाय प्रसारित करायचं नाही.

टप्पा ६ : जागा आणि यंत्र

इथे पैसे कमी लागतात, लक्ष जास्त. दोन साधे स्मार्टफोन आणि दोन वायरचे कॉलर माईक एवढ्यावर काम होतं. माईकची पिन तुमच्या मोबाईलला लागते का ते आधी बघा. अनेक नव्या मोबाईलना गोल जॅकच नसतो. जोडणी ढिली असली तर मोबाईल स्वतःच्या माईकने टिपतो आणि तुम्हाला कळतही नाही. कळायचा सोपा उपाय असा : रेकॉर्डिंग चालू करून कॉलर माईकवर नखाने हलकं खरवडा, मग मोबाईलवर खरवडा, आणि हेडफोनने ऐका.

विदर्भात आवाजाचा मोठा शत्रू कूलर. एप्रिल-मे मध्ये तो बंद केला तर पाहुणे घामाघूम होतात, चालू ठेवला तर सगळं वाया जातं. म्हणून उन्हाळ्यात रेकॉर्डिंग सकाळी साडेसहा ते साडेआठ. पावसाळ्यात टिनाच्या छपराखाली बसू नका. फ्रिज, इन्व्हर्टर, ट्यूबलाईटची गुणगुण कानाला सवयीची असते, माईकला नसते.

सिमेंटच्या रिकाम्या वर्गात आवाज घुमतो. पुस्तकांच्या रॅकमधली जागा चांगली, मातीच्या भिंतीचं घर त्याहून चांगलं. काहीच नसेल तर खाली सतरंजी, मागच्या भिंतीला गादी आणि बाजूला दोन गोधड्या टांगा. कापसाने भरलेली जाड गादी घुमारा चांगला शोषते. वावरात बोलायचं असेल तर वाऱ्याकडे पाठ करून उभं राहा आणि माईकला फोमचं किंवा केसाळ आवरण घाला.

माईक हनुवटीपासून साधारण वीतभर खाली, कपड्याला घासणार नाही असा. मंगळसूत्र, ओढणी, गमछा बाजूला घ्यायला सांगा.

> तपासा : मोबाईल एअरप्लेन मोडवर, बॅटरी भरलेली, जागा मोकळी. दाब न देता साठवलेल्या, म्हणजे डब्ल्यूएव्ही प्रकारच्या, एका तासाच्या एकेरी (मोनो) आवाजाला सुमारे ३५० एमबी लागतात. व्हॉट्सॲपच्या व्हॉइस नोटवर मुलाखत घेऊ नका, तो आवाज दाबून लहान केलेला असतो आणि पुढे सुधारत नाही.

टप्पा ७ : रेकॉर्डिंग

दोन्ही मोबाईल चालू करून एक जोरदार टाळी वाजवा, नंतर दोन्ही आवाज जुळवायला ती लागते. मग अर्धा मिनिट सगळ्यांनी गप्प बसा. ही त्या खोलीची शांतता कातरकामात उपयोगी पडते.

सुरुवात गावातल्या प्रश्नाने, त्या माणसाच्याच आवाजात. पाहुण्यांची ओळख एका वाक्यात, तीही प्रश्नाशी जोडून : ‘या गेली अनेक वर्षं खाऱ्या पाण्यावर काम करतात.’ शाल-श्रीफळ रेकॉर्डिंग संपल्यावर.

मुलाखतकाराचं मुख्य काम थांबवण्याचं आहे. ‘मॅडम, एक मिनिट. हे आम्हाला कळलं नाही, पुन्हा सांगा’ असं विद्यार्थ्याला म्हणता आलं पाहिजे. आपली मुलं मोठ्या माणसांना मध्ये अडवायला कचरतात, तो संस्कार आहे. म्हणून पूर्वबोलणीतच पाहुण्यांना सांगून ठेवा की विद्यार्थी अडवतील. दर मुद्द्यानंतर ‘बरोबर’, ‘अगदी खरं’ म्हणण्याची सवय सोडायला सांगा. मान हलवली तरी पुरे.

पंचेचाळीस मिनिटं बोला, त्यातून पंचवीस वापरा. उठण्याआधी विचारा : ‘मी विचारायचं राहिलं, पण सांगायलाच हवं असं काही?’ उत्तम वाक्यं बऱ्याचदा इथे येतात, म्हणून यंत्र बंद करायची घाई नको. आणि जागा सोडण्याआधी फाईल दोन ठिकाणी उतरवा. लाईट गेली, मोबाईल पडला, या गोष्टी व्हायच्याच.

टप्पा ८ : कातरकाम

संगणकावर ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. आधी पूर्ण मुलाखत ऐकून कागदावर मुद्दे आणि वेळा लिहा. कागदावर ठरवा, मगच कापा. पहिल्याच मिनिटात प्रश्न आणि उत्तराची चुणूक दोन्ही आली पाहिजेत.

बोली कापू नका. ‘करून राहिलो’, ‘मायं’, ‘तुले’ हे अडखळणं नाही, ती भाषा आहे. वऱ्हाडी आणि झाडीबोलीतली वाक्यं ‘शुद्ध’ करून निवेदकाच्या आवाजात पुन्हा सांगितली की गावाला जे ऐकू जायचं ते जातं. गोंडी, माडिया किंवा कोरकूत बोलणारे असतील तर त्यांचं बोलणं आधी पूर्ण वाक्यभर ऐकू द्या, मग मराठी सांगा.

पार्श्वगोंगाट घालवणारी सोय जपून वापरा. जास्त झाली की माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा वाटतो. आवाजाची पातळी एकेरी फाईलला उणे १९ एलयूएफएस (आवाज कानाला किती मोठा वाटतो त्याचं माप) ठेवा. फाईल एकेरी, ६४ केबीपीएसच्या एमपी३ मध्ये काढली की पंचवीस मिनिटांचा भाग साधारण १२ एमबीत बसतो. कमकुवत नेटवर्कच्या गावात हा आकडा महत्त्वाचा. सिनेमाची गाणी किंवा कॅसेटवरची भजनं लावू नका, त्यांचे हक्क दुसऱ्यांकडे असतात. संगीत लागलंच तर गावातल्या भजनी मंडळाची खंजिरी, त्यांना विचारून टिपलेली.

> तपासा : भाग साध्या मोबाईलच्या स्पीकरवर, अंगणात बसून ऐका. हेडफोनवर गोड वाटलेला आवाज तिथे कळत नसेल तर काम बाकी आहे.

टप्पा ९ : आकडे आणि सल्ला पुन्हा पडताळा

भागातला प्रत्येक आकडा, योजनेचं नाव, तारीख एका कागदावर उतरवा आणि तज्ज्ञांकडून लेखी होकार घ्या. त्यांना चूक दुरुस्त करायचा हक्क आहे. मात्र शेतकऱ्याचा टोकदार प्रश्न काढून टाका म्हणायचा हक्क देऊ नका.

कीटकनाशकाची मात्रा आवाजात सांगूच नका. ऐकताना ‘पंधरा’चं ‘पन्नास’ होऊ शकतं. ‘डब्याचं लेबल वाचा, सहायक कृषी अधिकाऱ्यांना (पूर्वीच्या कृषी सहायकांना) विचारा, नाहीतर किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ वर फोन करा’ एवढंच सांगा. कोणत्याही कंपनीचं नाव आलं असेल तर ते का आलं, हे तपासा.

टप्पा १० : पोचवणं

भाग पॉडकास्टच्या ॲपवर आणि यूट्यूबवर चढवा, ते तासाभराचं काम आहे. मुखपृष्ठ चौकोनी आणि किमान १,४०० पिक्सेलचं लागतं, नाव मराठीत आणि मोठ्या अक्षरात. गूगल पॉडकास्ट २०२४ मध्ये बंद झालं, तेव्हा जुन्या माहितीवर विसंबून तिथली खटपट करू नका.

पण गावात पॉडकास्ट ॲप उघडून ऐकणारे थोडे. एमपी३ फाईल व्हॉट्सॲपवर जाईल, सोबत दोन ओळींत मूळ प्रश्न. ‘नवीन भाग प्रसारित, जरूर ऐका’ या संदेशाने कोणी ऐकत नाही. ‘खाऱ्या विहिरीचं पाणी हरभऱ्याला द्यावं का?’ याने ऐकतात. ज्यांच्याकडे साधा मोबाईल आहे त्यांना मेमरी कार्डमध्ये द्या.

सगळ्यात उपयोगाचं म्हणजे एकत्र ऐकणं. बचत गटाच्या बैठकीत, रासेयोच्या शिबिरात, कापूस वेचणी संपल्यावरच्या संध्याकाळी पारावर एक छोटा स्पीकर ठेवा. दहा मिनिटं ऐकवा आणि थांबवा. ‘हे आपल्याकडे होईल का?’ एवढंच विचारा. जे बोलणं निघेल ते परवानगीने टिपा. त्यातले आक्षेप तज्ज्ञाकडे परत न्या आणि त्यांचं उत्तर पुढच्या भागाच्या सुरुवातीला लावा. भागात चूक निघाली तर दुरुस्तीही तिथेच, पहिल्या मिनिटात सांगा. जुनी फाईल काढून नवी चढवा आणि ज्या गटांत ती पाठवली होती त्या प्रत्येक गटात दुरुस्त फाईल पुन्हा पाठवा. त्यासाठी कोणत्या गटात कधी पाठवली याची वही पहिल्या भागापासून ठेवावी लागते. ती एका विद्यार्थ्याकडे सोपवा, आणि तो शेवटच्या वर्षाला असेल तर आत्ताच त्याच्यासोबत पहिल्या वर्षाचा एक जोडून द्या.